विमानात धूर भरला तर तो बाहेर कसा काढतात?

कणकवलीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. मे महिन्यात त्या मुंबईहून गोव्यातल्या मोपा विमानतळावर येत होत्या. विमानाची दारं बंद झाली होती, विमान अजून जागेवरच उभं होतं आणि डोक्यावरच्या फटींतून पांढरं काहीतरी खाली उतरू लागलं. मागच्या रांगेतले एक आजोबा घाबरून ओरडले, "अरे दार उगडा कोणीतरी, जीव घुसमटता!" थोड्या वेळाने ते पांढरं विरून गेलं आणि विमान वेळेवर सुटलं. बाईंच्या मनात मात्र प्रश्न राहिला. हेच वर आकाशात झालं असतं तर? धूर बाहेर कसा काढला असता? दार नाही तर निदान एखादी खिडकी उघडता येते का? ते पिवळे मास्क धुरासाठी का सोडत नाहीत? आणि प्रवाशाने त्या वेळी नेमकं काय करायचं?

मी अनेक वर्षं एअरबस ए-३२० उडवलं, नंतर सिम्युलेटरवर वैमानिकांना शिकवलं, आणि आता वेंगुर्ल्यात राहतो. शिकवताना सर्वात जास्त वेळ मी याच विषयाला दिला, म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे.

बाई, तुम्ही पाहिलंत तो धूर नव्हता. ते धुकं होतं. आपल्या किनाऱ्यावर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत हवेत इतकी वाफ असते की वातानुकूलन यंत्राची थंडगार हवा केबिनमधल्या दमट हवेत मिसळली की लगेच बारीक तुषार तयार होतात. दाबोळी, मोपा, चिपी, मुंबई, सगळीकडे हे घडतं. विमान जमिनीवर असताना आणि चढताना जास्त. ओळखायची खूण सोपी आहे. धुक्याला वास नसतो, ते फटीतून सरळ खाली पडतं आणि थोड्याच अंतरावर विरून जातं. धूर विरत नाही, साचतो. तो डोळ्यांना झोंबतो, घशाला लागतो आणि त्याला वास असतो. उन्हाळ्यात खाली सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, भाजावळ पेटलेली असेल तर विमान उतरताना तिचा वासही आत येऊ शकतो, कारण केबिनमध्ये येणारी हवा शेवटी बाहेरचीच असते. तेवढ्यानेही घाबरायचं कारण नाही. पण शंका आली तर केबिन क्रूला सांगायला लाजू नका. खोटी निघालेली शंका आम्हाला कधीच जड वाटत नाही.

आता खऱ्या धुराकडे वळतो. लोकांना वाटतं, धूर झाला की वैमानिकाचं पहिलं काम तो बाहेर काढणं. तसं नाही. पहिलं काम स्वतःच्या तोंडावर ऑक्सिजन मास्क चढवणं, दुसरं विमान जवळच्या विमानतळाकडे वळवणं आणि तिसरं धूर कुठून येतो ते शोधून ते मूळ तोडणं. धूर काढण्याची वेगळी कार्यपद्धती असते, पण ती नंतर येते. धूर हाच सर्वात मोठा धोका झाला, म्हणजे समोरची उपकरणं दिसेनाशी झाली किंवा प्रवाशांना श्वास घेणं अशक्य झालं, तर ती कधीही आधी आणता येते. एरवी मूळ जिवंत ठेवून नुसता धूर काढत बसलं तर वेळ जातो, आणि या प्रकारात वेळेइतकं मौल्यवान काही नसतं. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९६७ ते १९९८ या काळातल्या, हवेत आग लागून नष्ट झालेल्या विमानांच्या पंधरा घटना तपासल्या. आगीची पहिली चाहूल लागल्यापासून विमान कोसळेपर्यंत ५ ते ३५ मिनिटं गेली होती. दहा हजार मीटर उंचीवरून उतरून धावपट्टी गाठायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आमची घाई कशाची असते ते कळेल.

धूर कसा काढतात हे समजायला केबिनमधली हवा कशी वाहते ते आधी पाहावं लागेल. प्रवाशांना विमान म्हणजे बंद डबा वाटतो. खरं तर केबिनमधली सगळी हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते. बहुतेक विमानांत इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून दाबाची गरम हवा घेतात आणि पोटात बसवलेल्या पॅक नावाच्या यंत्रांत ती थंड करून केबिनमध्ये सोडतात. ती छताजवळून आत येते, खाली उतरते आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत, तुमच्या पावलांजवळ असलेल्या जाळ्यांतून जमिनीखाली जाते. तिथला एक भाग गाळणीतून पुन्हा केबिनमध्ये फिरवला जातो. उरलेली हवा विमानाच्या मागच्या भागात असलेल्या झडपेतून, म्हणजे आउटफ्लो व्हॉल्व्हमधून, बाहेर पडते. ही झडप किती उघडी ठेवायची यावरच केबिनचा दाब ठरतो.

आपल्या जुन्या घरांत चुलीचा धूर वर चढतो आणि कौलांच्या फटींतून निघून जातो. विमानात हवेची वाट नेमकी उलटी, वरून खाली असते. त्यामुळे गरम धूर वर चढू पाहतो आणि हवा त्याला खाली ढकलते. धूर थोडा असेल तर हवा जिंकते आणि केबिन आपोआप साफ होतं. आग मोठी असेल तर धूर जिंकतो, छताखाली त्याचा थर जमतो आणि तो थर हळूहळू बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत येतो. "खाली वाका" असं क्रू सांगते ते यासाठी. हवेला पुढून मागे वाहायचा फारसा वाव नसतो, म्हणून मागच्या स्वच्छतागृहातला धूर बराच वेळ मागेच राहू शकतो. कॉकपिटमध्ये मात्र हवा जरा जास्त दाबाने सोडतात, म्हणजे केबिनचा धूर दाराच्या फटीतून वैमानिकांकडे येत नाही. कॉकपिटचं दार बंद ठेवण्याचं हे कारण सुरक्षेच्या कारणाइतकंच महत्त्वाचं आहे.

आता दाराचं. उंचीवर असताना केबिनच्या आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा खूप जास्त असतो. ए-३२० मध्ये हा फरक चौरस इंचाला आठ पौंडांपर्यंत जातो. पुढच्या दाराचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटरच्या आसपास. गुणाकार करा, दारावर आतून सुमारे आठ टनांचा दाब येतो. दाराची रचना अशी की या दाबाने ते चौकटीतल्या थांब्यांवर अधिकच घट्ट बसतं. कितीही ताकदवान माणूस असला तरी ते हलणार नाही. जमिनीजवळ दाबाचा फरक कमी झाला की मात्र काही दारं उघडू शकतात. मे २०२३ मध्ये दक्षिण कोरियात देगूला उतरणाऱ्या ए-३२१ विमानाचं आपत्कालीन दार एका प्रवाशाने दोनशे मीटरच्या आसपास उंचीवर उघडलं. विमान सुखरूप उतरलं, पण श्वास घ्यायला त्रास झाल्याने काही जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हा आजोबांसारखी इच्छा कोणाला झाली आणि विमान खाली आलेलं असलं, तर शेजाऱ्याने त्यांचा हात धरावा.

मग धूर काढतात तरी कसा? ए-३२० ची पद्धत सांगतो; इतर विमानांत तपशील बदलतो, तत्त्व तेच.

आधी हवा पुन्हा फिरवणारे पंखे बंद करायचे. त्या वाटेवरच्या गाळण्या कण पकडतात, पण विषारी वायू पकडत नाहीत, आणि धूर फिरून त्याच माणसांकडे येतो. पंखे बंद झाले की आत येणारी सगळी हवा ताजी. मग पॅकचा प्रवाह वाढवायचा, म्हणजे हवा लवकर बदलते. त्याच वेळी १०,००० फुटांकडे उतरायचं. ही उंची निवडण्याचं कारण, तिथे बाहेरची हवा माणसाला श्वास घेण्यापुरती दाट असते. आपल्याकडे कोकणावर ही उंची सुरक्षित आहे. सह्याद्रीचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फुटांच्या आसपास. तिथे पोहोचल्यावर केबिनचा दाब हाताने सोडायचा, आउटफ्लो व्हॉल्व्ह पूर्ण उघडायची, दोन्ही पॅक बंद करायचे आणि रॅम एअर नावाची झडप उघडायची. तिच्यातून विमानाच्या स्वतःच्या वेगाने बाहेरची हवा थेट आत घुसते आणि धुराला मागच्या झडपेकडे ढकलते.

एवढं करूनही कॉकपिटमध्ये काही दिसत नसेल तर शेवटचा उपाय म्हणून वेग २०० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी ३७० किलोमीटरपर्यंत कमी करून वैमानिकाच्या बाजूची खिडकी सरकवून उघडता येते. म्हणजे बाई, खिडकी उघडते, पण ती कॉकपिटची, आतबाहेर दाब सारखा झाल्यावर आणि खाली आल्यावर. त्यानंतर आवाज इतका होतो की धोक्याची घंटासुद्धा ऐकू येत नाही. डोळ्यांनी दिव्यांवर लक्ष ठेवावं लागतं. उघड्या खिडकीबाहेर हवेचा दाब कमी असल्याने आतली हवा तिकडे ओढली जाते, म्हणून केबिनमध्ये धूर असताना ती उघडणं म्हणजे तो स्वतःकडे बोलावणं. जुलै १९७३ मध्ये वॅरिग कंपनीच्या बोइंग ७०७ च्या मागच्या स्वच्छतागृहातल्या आगीचा धूर कॉकपिटपर्यंत पोहोचला होता. वैमानिकांनी बाजूच्या खिडक्या उघडून, बाहेर डोकावून विमान पॅरिसच्या ओर्ली विमानतळाअलीकडच्या शेतात उतरवलं. विमानातल्या १३४ जणांपैकी १२३ जण गेले, बहुतेक धुराने.

पॅकचा प्रवाह वाढवा असं मी वर लिहिलं, पण धूर हवेबरोबरच येत असेल तर काय? इथे मूळ शोधण्याला खरा अर्थ येतो. इंजिनातलं तेल कॉम्प्रेसरच्या हवेत गळलं तर ते गरम होऊन वाफ आणि धुराच्या रूपाने केबिनमध्ये येतं. त्याचा वास ओल्या, कुबट मोज्यांसारखा. ऑक्टोबर २०२२ मध्ये गोव्याहून हैदराबादला जाणाऱ्या क्यू-४०० विमानात असंच झालं. विमान हैदराबादला आपत्कालीन स्थितीत उतरवावं लागलं, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या तपासणीत इंजिनाचं तेल वातानुकूलन यंत्रणेत शिरल्याचं आढळलं. अशा वेळी हवेचा प्रवाह वाढवला तर धूर वाढेल. म्हणून एक पॅक बंद करायचा, थोडा वेळ वाट पाहायची, धूर कमी होतो का ते पाहायचं. नाही झाला तर तो चालू करून दुसरा बंद करायचा. ही वाट पाहण्याची मिनिटं वैमानिकाला फार लांब वाटतात, आणि तरी ती द्यावीच लागतात. मूळ सापडलं की मात्र पुढचा प्रवास सोपा होतो. तेलाचा धूर पॅक बंद झाल्यावर बहुधा लवकर ओसरतो.

विजेच्या धुराची गोष्ट वेगळी. त्याचा वास जळक्या प्लॅस्टिकचा, नाकात टोचणारा. तो बऱ्याचदा भिंतीमागे, छतावर, माणसाच्या हाताला न लागणाऱ्या जागी असतो. तेव्हा वैमानिक एकेक वीजपुरवठा तोडत जातो. प्रवाशाला दिसतं ते असं की समोरचा पडदा विझला, दिवे गेले, मागच्या छोट्या स्वयंपाकघरातला ओव्हन बंद झाला. ते बिघाड वाढल्याचं लक्षण नव्हे. ते मुद्दाम केलेलं असतं.

हवा आणि आग यांचं नातं किती नाजूक असतं ते दोन अपघातांनी शिकवलं, आणि मी प्रत्येक तुकडीला ते दोन्ही सांगितले.

२ जून १९८३. एअर कॅनडाचं ७९७ क्रमांकाचं डीसी-९ विमान डल्लासहून टोरांटोला चाललं होतं. मागच्या स्वच्छतागृहात धूर दिसला. विमान सिनसिनाटीला उतरवायचं ठरलं. उतरताना, हवा आगीला खाद्य पुरवते असं वाटल्याने सहवैमानिकाने पॅक बंद केले. विचार चुकीचा वाटत नाही, कोणालाही तेच सुचेल. पण धूर ढकलणारी हवाच थांबली आणि तो केबिनमध्ये दाटत पुढे सरकला. केबिन क्रूने प्रवाशांना पुढे बसवलं, ओले रुमाल वाटले. धूर पहिल्यांदा दिसल्यापासून साधारण अठरा मिनिटांत विमान धावपट्टीवर थांबलं. दारं उघडली आणि साठ ते नव्वद सेकंदांत केबिन एकदम पेटलं. ४६ पैकी २३ जण वाचले नाहीत. विमान जमिनीवर, दारं उघडी, अग्निशमन दल शेजारी, आणि तरीही निम्मी माणसं गेली. तापलेल्या, अर्धवट जळलेल्या वायूंना दारातून ताजी हवा मिळाली की असं होतं. आज स्वच्छतागृहात धूरशोधक असतो, जमिनीलगत दिव्यांची ओळ असते, सीटच्या फोमवर आग रोखणारं आवरण असतं, ते या अपघातामुळे.

दुसरा अपघात २ सप्टेंबर १९९८ चा. स्विसएअरचं १११ क्रमांकाचं एमडी-११ न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालं होतं. कॉकपिटमध्ये वास आला, थोडा धूर दिसला आणि तो वातानुकूलनातला असावा असं वैमानिकांना वाटलं. प्रत्यक्षात छताच्या वर, पोकळीतल्या उष्णतारोधक अस्तराला आग लागली होती. मूळ शोधताना कार्यपद्धतीप्रमाणे केबिनचा वीजपुरवठा तोडला, त्याबरोबर हवा फिरवणारे पंखे थांबले. तोपर्यंत त्या पंख्यांमुळे छतावरच्या पोकळीतली हवा मागे ओढली जात होती. पंखे थांबले, प्रवाह उलटला आणि आग कॉकपिटच्या दिशेने खेचली गेली. पहिला वास आल्यापासून सुमारे २१ मिनिटांनी विमान समुद्रात कोसळलं. २२९ माणसं होती. तपास मंडळाने हेही नोंदवलं की वैमानिक लगेच उतरू लागले असते तरी ते विमान वेळेत कॅनडातल्या हॅलिफॅक्स विमानतळावर पोहोचणं शक्य नव्हतं. त्या बिचाऱ्यांना दोष देऊ नये.

म्हणून पंखे बंद करणं चूक ठरत नाही. आजही आम्ही ते बंद करतो. पण हवेचा एक पंखा बंद केला तरी आगीची वाट बदलू शकते हे माहीत असल्यामुळे आज कोणी धुराच्या वेळी करायच्या कामांची यादी, म्हणजे चेकलिस्ट, पूर्ण होईपर्यंत सरळ उडत राहत नाही. स्विसएअरच्या त्या विमानाची धुराची संपूर्ण यादी वाचून पार पाडायला २० ते ३० मिनिटं लागत. आजच्या याद्या उतरण्याचा विचार पहिल्याच ओळींत आणतात: धुराचं मूळ लगेच सापडून विझलं नाही, तर वळा.

कोकण किनाऱ्यावरून उडताना हे वळणं कुठे, याचा विचार मी विमान सुटण्याआधीच करायला सांगायचो. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना रत्नागिरीच्या डोक्यावर असाल तर मुंबई मागे अडीचशे किलोमीटरच्या आत आणि मोपा पुढे साधारण दीडशे किलोमीटरवर. नकाशावर मोपा जवळ. पण ३५,००० फुटांवरून नेहमीच्या उताराने उतरायला सुमारे दोनशे किलोमीटर लागतात, म्हणजे मोपाला जायचं तर एअरब्रेक बाहेर काढून वेगाने खाली यावं लागेल. ते जमतं, फक्त निर्णय त्याच क्षणी व्हायला हवा. पाच मिनिटं विचारात गेली तर मोपाच्या डोक्यावर विमान अजून उंचच असेल. मधे चिपीची २,५०० मीटरची धावपट्टी आहे, ए-३२० ला पुरेशी. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाची. पण लहान विमानतळ चोवीस तास चालू नसतात, आणि धुराच्या विमानाला धावपट्टीइतकीच शेजारी उभ्या असलेल्या अग्निशमन गाड्यांची गरज असते. जुलैत तर सड्यावरच्या विमानतळांवर ढग जमिनीला टेकतात. अशा दिवशी थोडं लांबचं पण दिसणारं विमानतळ बरं. ही गणितं धुरात करायची नसतात, ती खाली चहा पिताना करून ठेवायची.

आता मास्कचं. छतातून पडणारा पिवळा मास्क धुरासाठी बनवलेलाच नाही. केबिनमधली हवा विरळ झाली, साधारण १४,००० फुटांइतकी, की तो आपोआप पडतो. त्यात येणारा ऑक्सिजन थोडा असतो आणि बाजूच्या झडपांतून केबिनची हवाही आत येते, म्हणजे धूरही आत येतो. बहुतेक विमानांत हा ऑक्सिजन डोक्यावरच्या रासायनिक नळकांड्यांत तयार होतो, बारा-पंधरा मिनिटांपुरता, आणि ती नळकांडी चांगलीच तापतात. आगीच्या शेजारी तो सोडणं म्हणजे तिला खाद्य देणं. वैमानिकांचा मास्क वेगळा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा. त्यातून शुद्ध ऑक्सिजन दाबाने येतो आणि डोळेही झाकले जातात. क्रूकडे डोक्यावरून ओढायची टोपी असते, ती सुमारे पंधरा मिनिटं श्वास पुरवते. ती घालून क्रूमधली कोणी धुरात शिरली तर तिची वाट अडवू नका. ती आग शोधायला चालली आहे.

केबिनमधली आग आजकाल बहुतेक वेळा प्रवाशाच्याच वस्तूची असते, मोबाइल किंवा पॉवर बँकची. लिथियमच्या बॅटरीतला एक कोष तापून फुटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा फुटतो, मग त्याच्या शेजारचा. क्रू आधी हॅलॉन या आग विझवणाऱ्या वायूने ज्वाळा विझवते, पण हॅलॉन थंडावा देत नाही, म्हणून नंतर भरपूर पाणी ओतावं लागतं. पाणी, चहा, सरबत, जे हाताशी असेल ते चालतं. बर्फ ठेवू नये आणि ब्लँकेटमध्ये गुंडाळू तर मुळीच नये. दोन्हींमुळे उष्णता आत कोंडते. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर उभ्या असलेल्या ए-३२१ च्या सामानाच्या कप्प्यात आग लागली. तपासात संशय पॉवर बँकेवर आला. सगळे १७६ जण बाहेर पडले, विमानाचं छत मात्र जळून गेलं. हीच आग समुद्रावर असताना कोणाच्या डोक्यावरच्या बंद कप्प्यात लागली असती तर, असा विचार केला की मला झोप येत नाही.

तेव्हा कळकळीने सांगतो, पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीही टाकू नका, आणि केबिनमध्येही ती वरच्या कप्प्यात न ठेवता अंगाजवळ, दिसेल अशी ठेवा. शंभर वॅट-तासांपर्यंतची चालते. वीस हजार एमएएचची साधारण चौऱ्याहत्तर वॅट-तासांची भरते. फुगलेली, पडलेली, पाण्यात भिजलेली घरीच ठेवा. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी एक विशेष सूचना: एटीआरसारख्या लहान विमानांत वरचे कप्पे छोटे असतात आणि विमानाच्या दारातच हातातली बॅग घेऊन पोटात टाकतात. ती देण्याआधी पॉवर बँक काढून खिशात घ्या. घाईत हे नेमकं राहून जातं. आणि मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट मागे-पुढे करू नका. सांध्यात चिरडला तर तिथेच पेटेल. क्रूला बोलवा.

बाकी प्रवाशाने करायचं ते थोडं आहे पण नेमकं आहे. बसल्यावर सर्वात जवळचं दार किती रांगा पुढे आणि किती मागे ते मोजून ठेवा, कारण दाट धुरात दिसत नाही, सीटच्या पाठी हाताने मोजत जावं लागतं. धूर आला तर डोकं खाली घ्या, रुमाल किंवा ओढणीचं टोक पाण्यात भिजवून नाकातोंडावर धरा. ओलं कापड काजळी आणि काही वायू अडवतं. कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, तरी खोकला आवरतो आणि डोकं ताळ्यावर राहतं. क्रूने जागा बदलायला सांगितली तर बदला. एकदम सगळे पुढे धावू नका, त्याने विमानाचा तोल बिघडतो आणि आग विझवणाऱ्यांची वाट बंद होते. विमान थांबून "बाहेर पडा" असं सांगितलं की बॅग, हापूसची पेटी, लॅपटॉप, काहीही न घेता निघा. एअर कॅनडाच्या विमानात लोकांच्या हाती नव्वद सेकंदांहून जास्त वेळ नव्हता. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए-३५० पेटलं तेव्हा आठपैकी तीनच दारं वापरता आली, केबिनमध्ये धूर होता, आणि तरी आतले सगळे ३७९ जण बाहेर आले. सामान जवळजवळ सगळ्यांनी मागे सोडलं होतं.

शेवटचं एक, कारण त्याकडे दुर्लक्ष होतं. धुरात काही मिनिटं घालवली असतील तर बरं वाटत असलं तरी तपासून घ्या. जळत्या फोम-प्लॅस्टिकमधून कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड निघतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं नंतरही सुरू होऊ शकतं, आणि माणूस ते प्रवासाच्या थकव्यावर ढकलतो. करोनाच्या काळात घराघरांत आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनचं वाटतं आणि ते अठ्ठ्याण्णव दाखवत राहतं. डॉक्टरांना "विमानात धूर झाला होता, मी इतकी मिनिटं त्यात होतो" असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते रक्ताची योग्य तपासणी करतील आणि ऑक्सिजन लावायला उशीर होणार नाही. गरोदर बाई किंवा लहान मूल सोबत असेल तर सावंतवाडी-कणकवलीची गाडी पकडण्याआधी ही तपासणी विमानतळाजवळच्या रुग्णालयातच करून घ्या.